लॅब नाही, यंत्र नाही, मग संशोधन कसलं? (एका थिअरीवालीचा खुलासा)

तिसरं_वर्ष

परवा शिक्षणाच्या धाग्यावर सहज_विचारलं यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे लॅब नाही, यंत्र नाही, नमुना नाही, मग पीएचडी कसली करता?" तिथे उत्तर देत बसले असते तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतेय. प्रश्न खोचक नव्हता हे माहीत आहे. माझ्या घरच्यांनाही तोच पडतो, फक्त ते विचारत नाहीत.

आधी विषयाचं नाव. कंडेन्स्ड मॅटर थिअरी, म्हणजे घन-द्रव पदार्थांतल्या असंख्य कणांचं एकत्रित गणित. मराठीत संघनित द्रव्याची सैद्धांतिक भौतिकी म्हणता येईल, पण तसं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बघवत नाही. पूर्वी याला सॉलिड स्टेट म्हणायचे. १९६७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अँडरसन आणि हायने यांनी आपल्या गटाचं नाव बदललं. द्रवरूप हीलियमसारख्या गोष्टीही याच विद्येत बसतात आणि त्या काही घन नव्हेत.

आता काम. कुठल्याही स्फटिकाचा चिमुकला तुकडा घ्या. आत इलेक्ट्रॉन साधारण एकावर बावीस-तेवीस शून्यं इतके. त्यांचं समीकरण १९२६ पासून आपल्या हातात आहे. श्रोडिंगरचं समीकरण, त्यात इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना ढकलणं आणि अणुकेंद्रांनी त्यांना ओढणं घातलं की मांडणी पूर्ण. मांडणी पूर्ण, आणि उत्तर शून्य. का ते मोजूनच दाखवते.

इलेक्ट्रॉनांचं हिंडणं-फिरणं सोडून देऊ, फक्त स्पिन घेऊ. स्पिन म्हणजे अणूवर बसलेलं इवलंसं चुंबक, त्याला पर्याय दोनच, वर किंवा खाली. दोन स्पिन, चार स्थिती. दहा स्पिन, १०२४. वीस स्पिन, १० लाख ४८ हजार ५७६. तिसाला आकडा १०७ कोटींवर जातो, आणि दर स्थितीमागे आठ बाइटची एक संख्या धरली तर नुसतं एक तरंगफलन (म्हणजे या सगळ्या संख्यांची यादी) साठवायला ८ जीबी लागतात. चाळिसाला त्याच्या १०२४ पट. चाळीस स्पिनांना! आणि तुकड्यात किती, ते वर लिहिलंय.

म्हणून आमच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे टाकून देणं. काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवण्यात निम्मी पीएचडी जाते. उरतं त्याला मॉडेल म्हणायचं.

माझं मॉडेल म्हणजे एका माळेत बसलेले स्पिन. प्रत्येकाचं शेजाऱ्याशी वाकडं : तो वर तर मी खाली. या वाकडेपणाची ताकद जे-एक. शिवाय एक घर सोडून पलीकडच्याशीही वाकडं, त्याची ताकद जे-दोन. आता तिघांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी वाकडं असलं की दोघांचं कसंबसं जमतं आणि तिसरा लटकतो. याला फ्रस्ट्रेशन म्हणतात. अधिकृत संज्ञा आहे, विद्यार्थ्यांवरून पडलेली नाही.

१९६९ साली चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी दाखवलं की जे-दोन हा जे-एकच्या बरोब्बर निम्मा असला तर भांडण विलक्षण साधेपणाने मिटतं. स्पिन जोड्या लावून बसतात. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, असं पुढे. किंवा एक घर सरकून, दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा. या दोनच मांडण्या, दोन्हींची ऊर्जा तंतोतंत सारखी. जोडीमागे उणे पाऊण जे (नुसतं जे म्हटलं की जे-एक), म्हणजे स्पिनमागे उणे तीन अष्टमांश. हे अंदाजे नाही, अगदी काटेकोर आहे. इतकं काटेकोर उत्तर आमच्या नशिबी क्वचित येतं, म्हणून नवा कोड लिहिला की आधी या दगडावर घासून बघायचा.

गेल्या महिन्यात मी माझा कोड मुळापासून नव्याने लिहिला. तो माळेची सगळ्यात कमी ऊर्जा काढतो, जेच्या पटीत. सहा स्पिनांची माळ, टोकं जोडून वर्तुळ केलेली : −२.२५. बरोबर. आठची : −३. बरोबर. गंमत म्हणून चारची चालवली, तर −१.७५. यायला हवं −१.५. मोठ्या माळा बरोबर आणि सगळ्यात चिमुकली चूक! तीन दिवस मी कोडच्या प्रत्येक ओळीवर संशय घेतला. शेवटी गाइडकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "चारची माळ कागदावर काढ आणि दुवे मोज."

काढली. चारच्या वर्तुळात एक घर सोडून पलीकडचा म्हणजे थेट समोरचा. उजवीकडून गेलं तरी तोच, डावीकडून गेलं तरी तोच. म्हणजे समीकरणात तो दुवा दोनदा येतो आणि दोनदाच मोजायचा. मी मात्र मोठ्या हुशारीने यादीतले दुहेरी दुवे आधीच गाळून टाकले होते. सहापासून पुढे दुहेरी दुवे येतच नाहीत, म्हणून तिथे कोड साळसूद दिसत होता.

तर सहज_विचारलं, माझी लॅब ही अशी. बाकी दिवस कसा जातो म्हणाल तर सकाळी आर्काइव्हवर (पेपर छापून येण्याआधी टाकायची वेबसाइट) नवे पेपर आले ते चाळायचे, आपलंच काम कुणी आधी टाकलं नाही ना हे धडधडत्या छातीने बघायचं, आठवड्यातून एकदा गटाच्या बैठकीत फळ्यासमोर उभं राहून मार खायचा, क्लस्टरच्या (सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकाच्या) रांगेत आपला नंबर कधी लागतो ते बघत बसायचं आणि मधल्या वेळेत बीएस्सीच्या मुलांच्या वह्या तपासायच्या.

विचारा काय विचारायचं ते.

सहज_विचारलं

स्वतंत्र धागा काढलात, आभारी आहे. छान समजलं, निदान समजल्यासारखं वाटलं. पण मूळ शंका अजून आहे तिथेच आहे. तुम्ही म्हणता "टाकून द्या". टाकलेलंच महत्त्वाचं निघालं तर? आणि माळ तुम्हीच मनाने रचली, तिचं उत्तरही तुम्हीच काढलं, ते बरोबर आहे हेही तुम्हीच ठरवलं. पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकच झाला की हो.

पानगळ

दुहेरी दुव्यांचा किस्सा वाचून दचकलो. आम्ही डेटाबेसवाले रोज हेच करतो, दुहेरी नोंदी म्हणजे चूकच असं धरून चालतो. वाचनखूण साठवली आहे.

एक प्रश्न : समान ऊर्जेच्या दोन मांडण्या म्हणालात. मग कोड दोन उत्तरं देतो का?

धातुवीर

प्रयोगवाला हजर आहे. थिअरीवाल्यांबद्दल आमची तक्रार तशी एकच. यांच्या पेपरात सगळं जेच्या पटीत असतं. आलेखाच्या आडव्या अक्षावर तापमान भागिले जे. अहो, माझ्या क्रायोस्टॅटवर (नमुना अतिथंड ठेवणारं यंत्र) जेचं बटण नाही, केल्विनचं आहे.

पण सहज_विचारलं यांच्या शंकेवर मी चक्क धागाकर्तीच्या बाजूने बोलणार आहे. कारण "मोजलं म्हणजे खरं" हेही इतकं सरळ नाही. स्ट्रॉन्शियम रुथेनेट म्हणून एक पदार्थ आहे. १९९४ मध्ये त्यात अतिवाहकता (विद्युतरोध पार नाहीसा होणं) सापडली, चांगल्या शुद्ध नमुन्यात दीड केल्विनच्या आसपास. लगेच राइस आणि सिग्रिस्ट यांनी, आणि वेगळेपणाने बास्करन यांनी, सुचवलं की यात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नेहमीसारख्या उलटसुलट स्पिनांच्या नसून समांतर स्पिनांच्या असाव्यात, हीलियम-३ मध्ये अणूंच्या असतात तशा. १९९८ साली एनएमआरने (रेडिओ स्पंद सोडून अणुकेंद्रांकडून आतल्या चुंबकत्वाची खबर काढणारी रीत) तपासलं. नेहमीच्या जोड्या असतील तर अतिवाहक झाल्यावर नाइट शिफ्ट नावाची एक राशी घसरायला हवी. ती जागची हलली नाही. झालं, समांतर जोड्यांवर शिक्कामोर्तब. त्यावर पुढे किती पेपर उभे राहिले असतील याचा तुम्हीच विचार करा.

२०१९ साली दुसऱ्या गटाने तेच माप पुन्हा घेतलं आणि शिफ्ट घसरली! कारण ऐका. मोजण्यासाठी सोडलेल्या रेडिओ स्पंदांनीच नमुना तापत होता. ज्या क्षणी मोजत होते त्या क्षणी तो अतिवाहक उरलेलाच नव्हता. स्पंद सौम्य केले आणि खरं चित्र आलं. वीस वर्षं सगळे सामान्य धातूचं माप अतिवाहकाचं म्हणून वाचत होते.

तेव्हा चारच्या माळेवर −१.७५ आलं म्हणून तीन दिवस झोप उडालेली मुलगी मला चालेल.

तिसरं_वर्ष

धातुवीर काका, ही कथा मी गटात सांगणार आहे, जेची तक्रार वगळून.

पानगळ : फार नेमका प्रश्न. नाही, देत नाही! मोठ्या माळांना आम्ही लँझोशची पद्धत वापरतो. त्यात सगळी सारणी (मॅट्रिक्स) सोडवत नाहीत. एका सुरुवातीच्या सदिशावर हॅमिल्टोनियन (ऊर्जेची सारणी) पुन्हा पुन्हा लावत जायचं आणि त्यातून तळाची ऊर्जा गाळून घ्यायची. सुरुवात एकच, म्हणून समान ऊर्जेच्या दोन स्थिती असल्या तरी त्यांचं एकच मिश्रण हाती लागतं, दुसरी दिसतच नाही. शिवाय काही फेऱ्यांनी संगणकाच्या अपुऱ्या दशांश स्थळांमुळे तीच ऊर्जा भुतासारखी परत उगवते. म्हणजे खरी जुळी दिसत नाही आणि दिसते ती खोटी. उपाय असा की माळ एक घर सरकवल्यावर जी स्थिती जशीच्या तशी राहते ती एका खोलीत आणि जिचं चिन्ह उलटतं ती दुसऱ्या खोलीत, अशी आधीच वाटणी करायची आणि दोन्ही खोल्या स्वतंत्र शोधायच्या. मग दोघी सापडतात.

सहज_विचारलं : टाकलेलं महत्त्वाचं निघालं तर? निघतं. निघालेलं आहे. १९३४ साली सोन्याची तार थंड करत नेताना दिसलं की विद्युतरोध आधी उतरतो आणि काही केल्विनला पोचल्यावर पुन्हा चढायला लागतो. धातूच्या तेव्हाच्या कुठल्याही हिशेबात हे बसत नव्हतं. तीस वर्षं कोडं तसंच. १९६४ साली कोंडो यांनी दाखवलं की दोषी आहेत सोन्यात चुकून राहिलेले लोखंडासारखे चुंबकीय अणू. किती? लाखात काही. सगळ्यांनी "एवढ्याने काय होतंय" म्हणून सोडून दिलेला कचरा. आणि कोंडोंचं उत्तरही अर्धंच होतं, कारण त्यांच्या सूत्रात तापमान शून्याकडे नेलं की रोध अनंत होतो, जे अशक्य. ते १९७५ मध्ये विल्सन यांनी पुनर्सामान्यीकरणाच्या रीतीने (मोठ्या ऊर्जेपासून पायरीपायरीने खाली उतरत) मार्गी लावलं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. १९८० साली फॉन क्लिट्झिंग यांनी चुंबकीय क्षेत्रात पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांचा हॉल रोध (प्रवाहाच्या आडव्या दिशेचा व्होल्टेज भागिले प्रवाह) मोजला. क्षेत्र वाढवावं तसा तो सरळ चढायला हवा, तर पायऱ्या पायऱ्यांनी चढत होता, आणि प्रत्येक पायरी २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्ण संख्या. नमुन्याचा आकार वेडावाकडा असू दे, आत कचरा असू दे, आकडा तोच. किंबहुना कचरा अजिबात नसता तर पायरी दिसलीच नसती, सरळ रेघ मिळाली असती. पायरीला रुंदी येते ती कचऱ्यात अडकून पडलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे. १९८२ साली थाउलेस आणि तीन सहकाऱ्यांनी दाखवलं की ती पूर्ण संख्या म्हणजे तरंगफलनाने घेतलेल्या वेढ्यांची मोजदाद आहे. दोरीचे खांबाभोवती वेढे दोन असतील नाहीतर तीन, दोरी जाड की बारीक, मळकी की स्वच्छ याने वेढे बदलत नाहीत. इथे जवळजवळ सगळं टाकून दिलं तरी चालतं.

म्हणजे कचरा एका ठिकाणी सगळं बिघडवतो, एका ठिकाणी काहीच बिघडवत नाही, वर मदत करतो. आपला प्रश्न कुठल्या जातीचा हे आधी कळत नाही. ते शोधणं हाच धंदा.

आजोबा_इलेक्ट्रिकल

मी आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरवर काम केले. तांब्यात वाया जाणारी उष्णता आम्हाला रोज दिसत असे, त्यामुळे अतिवाहकतेचे आकर्षण जुने आहे. एक गोष्ट मला कधीच उमगली नाही. १९११ साली ओन्नेस यांनी पाऱ्यात ४.२ केल्विनला अतिवाहकता पाहिली. तिचा सिद्धांत मिळाला १९५७ साली. मधल्या ४६ वर्षांत पुंजभौतिकी जन्मली, अणू फुटला. एवढ्या थोर माणसांना एका पाऱ्याच्या तारेने का दमवावे? कोणी सोप्या शब्दांत सांगू शकेल का?

माजी_पोस्टडॉक

आजोबा, प्रयत्न करतो. आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फाइनमन या सगळ्यांनी हात घातला होता. नेहमीची रीत अशी असते : इलेक्ट्रॉनांमधला परस्परसंबंध नाही असं धरून आधी सोडवायचं, मग थोडा थोडा मिसळत जायचा आणि दर पायरीला उत्तर सुधारत न्यायचं. अतिवाहकतेत ही शिडी पहिल्याच पायरीला मोडते. जोडी बांधणारी ऊर्जा ज्या सूत्राने येते त्यात परस्परसंबंधाची ताकद घातांकात, तीही छेदात बसलेली आहे. ई चा उणे एक भागिले ताकद इतका घात. हे फलन शून्यापाशी इतकं सपाट असतं की त्याचा पहिला, दुसरा, शंभरावा, कुठलाही विकलज (डेरिव्हेटिव्ह) घ्या, तिथे शून्यच. म्हणजे शिडीच्या पायऱ्या कितीही चढा, उत्तर "काही होत नाही" असंच येत राहणार. शिडी सोडून उडीच मारायला हवी होती.

धागादोरा १९५० मध्ये मिळाला. पाऱ्याचे जड-हलके समस्थानिक घेऊन मोजलं तर जड पाऱ्याचं संक्रमण तापमान किंचित खाली. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या प्रकरणात अणूंच्या कंपनांचाही हात आहे. १९५६ साली कूपर यांनी दोन इलेक्ट्रॉनांची जोडी कितीही क्षीण ओढीने बांधली जाते हे दाखवलं, आणि पुढच्या वर्षी बार्डीन, कूपर, श्रीफर यांनी सगळ्यांच्या जोड्या एकदम लावणारं तरंगफलन लिहिलं. श्रीफर तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी होता, हे तिसरं_वर्ष यांच्यासाठी मुद्दाम.

आता थोडं कडू बोलतो. धागाकर्तीने चित्र गोड काढलंय. मी तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या) केले, तीन वेगळ्या देशांत, आणि बाहेर पडलो. कंटाळून नव्हे. दर दोन वर्षांनी अर्जांचा हंगाम येतो आणि त्या हंगामात "यात निकाल लवकर लागेल का" हा एकच प्रश्न उरतो. मग माणूस कठीण प्रश्न टाळायला शिकतो. दोन वर्षांत पडणारी भिंत निवडतो. माझ्या एका वरिष्ठांनी तर तोंडावर सांगितलं होतं, सुंदर प्रश्न नोकरी लागल्यावर.

फॅशन वेगळीच. जुलै २०२३ आठवा. एलके-९९ नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा आला. आठवडाभरात संगणकावर त्याचे बँड (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे) काढून "सपाट बँड आहे हो" सांगणारे पेपर आर्काइव्हवर हजर. नमुना नीट बनलाही नव्हता. ऑगस्टमध्ये कळलं की रोधातली ती घसरण तांब्याच्या सल्फाइडच्या अशुद्धीची होती, ते साधारण १०४ सेल्सियसला आपली रचना बदलतं. शुद्ध स्फटिक बनवला तर तो सरळ विद्युतरोधक. कंपनं, अशुद्धी, सगळं टाकून दिलं होतं ना!

धातुवीर

एलके-९९ बाबत दुरुस्ती. गणित चुकलं नव्हतं. ज्या आदर्श स्फटिकाचं गणित केलं तो स्फटिकच त्या बरणीत नव्हता. दोष वाटून घ्यायचा तर बरणीवाल्यांना जास्त द्या.

तिसरं_वर्ष

माजी_पोस्टडॉक, गोड चित्र काढायचा हेतू नव्हता, नोकरीचा विषय मी भीतीपोटी टाळला. तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला ते रात्री आठवणार आहे.

पण फॅशनवर एक उलटं उदाहरण आहेच. २०११ मध्ये बिस्ट्रिट्झर आणि मॅकडॉनल्ड यांनी गणित केलं की ग्राफीनचे (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) दोन थर एकमेकांवर साधारण १.१ अंशाने फिरवून ठेवले तर इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ शून्यावर येतो, बँड सपाट होतो. तेव्हा त्यामागे कुणी धावलं नाही. इतका नेमका कोन हाताने साधायचा कसा, हाच प्रश्न होता. २०१८ साली एमआयटीतल्या जारियो-हेरेरो यांच्या गटाने तो साधला आणि १.७ केल्विनपर्यंत अतिवाहकता मिळाली. गणितात सपाट बँड होता, अतिवाहकतेची हमी नव्हती, तेवढं मान्य. पण सात वर्षं तो पेपर पडून होता आणि लिहिणाऱ्यांनी तो फॅशनसाठी लिहिला नव्हता.

माजी_पोस्टडॉक

मान्य. मात्र मॅकडॉनल्ड तेव्हा प्राध्यापक होते, हेही लिहून ठेवा.

शून्यापाशी

हे सगळं आता एआयच करेल ना?

पानगळ

आला, आला. वाटच बघत होतो या प्रतिसादाची.

तिसरं_वर्ष

शून्यापाशी, थट्टा सोडा, प्रश्न रास्त आहे. २०१७ साली कार्लेओ आणि ट्रॉयर यांनी न्यूरल नेटवर्कनेच तरंगफलन लिहून दाखवलं, तेव्हापासून ती एक वेगळी शाखाच झाली आहे. आमच्या गटातही एक जण तेच करतो. त्याचं नेटवर्क कुठल्या माळेवर घासून बघतात ओळखा. −०.३७५ आलं नाही तर त्यालाही झोप लागत नाही.

कुतूहल

ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यात यायचं तर आत्तापासून काय करू? क्वांटम अजून शिकवायला घेतलेलं नाही.

तिसरं_वर्ष

क्वांटमशिवायही सुरुवात होते. आयसिंगचं मॉडेल घे. लेंट्स यांनी १९२० मध्ये सुचवलं आणि विद्यार्थी आयसिंग याला सोडवायला दिलं. स्पिन फक्त वर किंवा खाली, शेजारी सारखे असले की ऊर्जा कमी. एका ओळीचं उत्तर दोन बाय दोनच्या सारणीने एका पानात निघतं. ते हाताने काढ. तुला दिसेल की शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला चुंबक टिकत नाही. आयसिंगलाही १९२४ च्या सुमारास तेच दिसलं, आणि तो पुढे म्हणून बसला की त्रिमितीतही टिकणार नाही. ते चुकलं! १९३६ साली पायर्ल्स यांनी द्विमितीत चुंबक टिकतो असा युक्तिवाद केला आणि १९४४ मध्ये ऑनसागर यांनी द्विमितीचं नेमकं उत्तर काढलं, संक्रमण तापमान २.२६९ जे.

हाताचं काम झालं की द्विमितीचा छोटा कोड लिही. चौकटीत वीस बाय वीस स्पिन ठेव, यदृच्छेने एकेक उलटवून बघ, ऊर्जा कमी झाली तर ठेव, वाढली तर तापमानाच्या हिशेबाने कधी ठेव कधी सोड. तापमान २.२७ जवळ आणलंस की ठिपक्यांचे छोटे-मोठे पुंजके उसळताना दिसतील, सगळ्या मापांचे एकदम. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दीड तास स्क्रीनसमोरून उठले नव्हते. तुलाही तसं झालं तर मला व्यनि (खाजगी निरोप) कर. नाही झालं तर प्रयोगाकडे जा, तिकडे धातुवीर काका आहेत.

धातुवीर

हे बरं आहे. उरलेसुरले आमच्याकडे.

बरं, थट्टा पुरे. तुझी माळ वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. आमच्याकडे तांब्याच्या एका संयुगाचे स्फटिक पडून आहेत, त्यात तांब्याचे अणू साधारण माळेतच बसलेत. चुंबकीय ग्राहिता (क्षेत्र लावलं की पदार्थ किती चुंबकतो ते) मोजून ठेवलीय, ४१ केल्विनला गोल उंचवटा येतो. तुझ्या जेला किती केल्विन म्हणायचं ते एकदा सांगून टाक.

तिसरं_वर्ष

काका!! हे आधी नाही का सांगायचं?

जे-दोन शून्य धरलं तर उत्तर १९६४ पासून आहे, बॉनर आणि फिशर यांचं : उंचवटा जेच्या ०.६४ पटीला येतो. म्हणजे जे साधारण ६४ केल्विन. पण जे-दोन असला तर हा आकडा सरकतो, त्यामुळे एका उंचवट्यावरून दोन अज्ञातं निघणार नाहीत. खाली काय होतं ते महत्त्वाचं. जे-दोन जे-एकच्या ०.२४ पटीच्या वर गेला की माळेत तळाच्या आणि पुढच्या स्थितीत ऊर्जेची फट पडते आणि तापमान उतरवत नेलं की ग्राहिता शून्याकडे कोसळते. खाली असला तर कोसळत नाही, ठरावीक आकड्यावर स्थिरावते. तुमच्याकडे काय होतं?

धातुवीर

दोन्ही नाही. उंचवट्यानंतर उतरते आणि ८ केल्विनच्या खाली पुन्हा वर चढते.

तिसरं_वर्ष

ती शेपूट बहुतेक माळेची नाही. स्फटिकात कुठेतरी माळ तुटलेली असणार. तुटलेल्या तुकड्यात स्पिन विषम संख्येने उरले की एकाला जोडीदार मिळत नाही, आणि असे मोकळे स्पिन तापमान उतरलं की ग्राहिता वर नेतात.

धातुवीर

म्हणजे शेवटी नमुन्याचाच दोष. अपेक्षित होतं.

सहज_विचारलं

थांबा. मग ही शेपूट आता टाकून देणार की ठेवणार?

तिसरं_वर्ष

आधी वजा करून बघते, मग न वजा करता बघते. दोन्हींत जे-दोन वेगळा आला तर ठेवावी लागेल, आणि मग तुटलेल्या माळांचं वेगळं गणित करायचं.

काका, व्यनि केला आहे. तक्ता दोन स्तंभांत पाठवा, स्फटिकाचं वजन आणि कुठल्या दिशेने क्षेत्र लावलं तेही लिहा. आणि एककं लिहायला विसरू नका.

धातुवीर

पाठवला. ईएमयू (चुंबकत्वाचं जुनं एकक) प्रति मोल. तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.